एकशे सतराव्या आवर्तनातली काठी

काळ कुणासाठीही थांबत नाही. राजे गेले, राज्यं गेली, पोर्ट पिरीच्या भट्टीचा धूरही आता पूर्वीसारखा घशाशी येत नाही. काळ मात्र कुणाकडे मान वळवून न बघता चालतच राहिला. थोरामोठ्यांनी सांगून ठेवलेलं हे सत्य मर्व पॅस्कोला पुरेपूर मान्य होतं. त्याचं म्हणणं एवढंच, की आपल्यासाठी तो एकदा थांबला होता. एकोणीसशे एक्याऐंशी साली, अ‍ॅडलेडच्या हिंडमार्श भागातल्या एका जुन्या टायरच्या गोदामात, दुपारी पावणेपाचला, साधारण पाऊण सेकंद. कारण मर्वच्या हाताला घाम आला होता आणि ड्रमची काठी निसटली.

ही गोष्ट त्यानं त्रेचाळीस वर्षांत कुणाला सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. म्हणूनच शनिवारी सकाळी, शहराच्या मोठ्या नाट्यगृहात तालमीला बसलेला असताना ‘ठक’ असा एक आवाज त्याच्या कानांवर आला, तेव्हा पाठीवरून एक थंड थेंब थेट कमरेपर्यंत घरंगळत गेला. आवाज मोठा नव्हता. मागच्या रांगेत एक उंच, काळ्या स्वेटरातला गृहस्थ उभा होता आणि त्याच्यापुढे विटेएवढा पोकळ लाकडी ठोकळा होता. गाणं सुरू झाल्यापासून हा माणूस हात मागे बांधून नुसता उभा होता. एकशे सोळा आवर्तनं त्यानं अशीच उभ्यानं काढली. मग त्यानं चष्मा नाकावर सारला, एक लहानशी काठी उचलली, ठोकळ्यावर एकदाच मारली, आणि धर्मगुरूनं वेदीवर पेला ठेवावा तशी ती परत ठेवून दिली. आपल्या घराच्या फाटकाची कुरकुर माणूस झोपेतही ओळखतो, तसा मर्वनं तो आवाज ओळखला. ती त्याची काठी होती. एक्याऐंशी सालची, गोदामाच्या सिमेंटवर पडलेली.

“थांबू या,” संचालिकाबाईंनी छडी खाली केली. अनेके नोस्के त्यांचं नाव. चाळिशीच्या, बरोसातल्या द्राक्षमळ्यांकडच्या, आवाज इतका मऊ की साठ माणसं ऐकण्यासाठी आपोआप गप्प बसत. मर्वच्या स्लॅग रोड या बँडच्या बारा गाण्यांना वाद्यवृंदाचा साज त्यांनीच चढवला होता, रेकॉर्ड पुन्हापुन्हा ऐकून, सात महिने खपून. “एकशे सतरावं आवर्तन. बाकी सगळी चार मात्रांची आहेत, हे एकच पाचचं. चौथीवर लाकूड, पाचवीवर फक्त डबल बेस, बाकी सगळे गप्प. मग समेवर सगळे. खूण करून ठेवा.”

आणि साठ माणसांनी स्टँडवरच्या पेन्सिली उचलल्या. मर्वला नोटेशन वाचता येत नव्हतं. पण शेजारच्या व्हिओलावाल्या बाईंच्या पानावर त्याला दिसलं, की त्यांनी त्या जागेच्या डोक्यावर एक छोटासा चष्मा काढला. दोन वर्तुळं, मध्ये नाक, दोन दांड्या. ही या लोकांची पद्धत. अवघड जागा आली की चष्म्याचं चित्र काढायचं, म्हणजे इथं डोळे उघडे ठेवा. मर्वनं मान उंच करून पाहिलं. पुढच्या बाई, त्यांच्या पुढचे गृहस्थ, चेलोवाली पोरगी, सगळे खाली मान घालून चष्मे काढत होते. आपल्या एका ओल्या तळव्याला साठ चष्मे लागले, हे पाहून त्याला प्रथम हसू आलं, आणि मग आलं ते हसू नव्हतं.

स्लॅग रोड हे बँडचं नाव पोर्ट पिरीतल्या त्या रस्त्यावरून पडलं होतं, ज्याच्या टोकाला शिशाच्या भट्टीतून निघालेली काळी मळी डोंगरासारखी साठलेली असे. चौघांचे बाप भट्टीत. फक्त बेस गिटार वाजवणाऱ्या कोराडोचा बाप मासेमारी करणारा, मोल्फेटाहून आलेला इटालियन. म्हणजे चौघांचे नव्हे, तिघांचे. पण बँडची हिशेबातली अचूकता नेहमी एवढीच असे. रात्री नऊचा कार्यक्रम ते अकराला सुरू करीत आणि कधी संपवायचा हे गायक नेव्ह टॉलिसचा दम ठरवी. गाण्याचा शेवट म्हणजे मर्वनं नेव्हच्या खांद्यांकडे बघायचं. खांदे पडले की झांज मारायची. पंचेचाळीस वर्षं हे शास्त्र कुठंही लिहून न ठेवता चाललं होतं. आणि इथं हे लोक दहा वाजताच्या तालमीला पावणेदहाला येऊन बसले होते. ओबोवाल्या मुलीनं एक स्वर धरला, त्या स्वराकडे बाकीची साठ वाद्यं, गुरं गोठ्याकडे वळावीत तशी, डुलत, रेंगाळत, पण एकूण एक वळली. ते पाहूनच मर्वचा जीव दडपला होता. लहानपणी त्यानं आखाताची भरती पाहिली होती. तिथं लाट अशी येत नाही. चिखल तसाच दिसत असतो, बगळा उभा असतो, आणि मग लक्षात येतं की आपल्या घोट्यापर्यंत पाणी आहे. पहिल्या गाण्यात व्हायोलिनं तशी आली. मर्व वाजवत होता, वाजवत होता, आणि एकदम घोट्यापर्यंत भिजला. आपण तरुणपणी जे ढोल बडवले त्याच्या पोटात हे होतं? कुणी सांगितलं का नाही?

“पुन्हा घेऊ. एकशे नऊपासून.”

पुन्हा घेतलं. एकशे सतरा आलं. चौथीवर ‘ठक’ झालं, साठ माणसं गप्प झाली, सहा डबल बेसनी तो एकच खालचा स्वर धरला, आणि त्या भव्य शांततेत मर्वच्या उजव्या हातानं, एक मात्रा आधी, झांजेवर दणका दिला. झांज एकटीच वाजली. लग्नात ‘सावधान’ म्हणायच्या आधी कुणी अक्षता फेकाव्यात, तशी.

“मर्व, एक मात्रा राहिली,” अनेके म्हणाल्या.

“हो. राहिली खरी.”

तिसऱ्यांदा घेतलं. तिसऱ्यांदाही झांज एकटी वाजली. चौथ्यांदा घेत असताना अकरा वीस झाले, आणि व्हायोलिनवाल्यांनी वर गेलेली बोटं तशीच खाली घेऊन वाद्यं मांडीवर ठेवली. चहाची सुटी, करारात लिहिलेली. सूर अर्धा हवेत राहिला होता, तो कुणी खाली उतरवला नाही. मर्वला या शिस्तीचंही कौतुक वाटलं. भट्टीचा भोंगा वाजला की बाप असाच फावडं अर्ध्यावर सोडून येई.

नेव्ह त्याच्या पिंजऱ्यापाशी आला. पिंजरा म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकच्या उंच भिंती. ड्रमच्या आवाजानं शेजाऱ्यांचे कान जाऊ नयेत म्हणून मर्वला त्यात बसवलं होतं. पुढे आणि डावीकडे भिंत, उजवीकडे जायला-यायला वाट. आत ड्रम, मर्व, आणि मर्वचा जुना टेबलपंखा.

“काय रे लेका,” नेव्हनं भिंतीवर टकटक केलं. “प्राणिसंग्रहालयात म्हातारं अस्वल ठेवतात तसा दिसतोस. शेंगदाणे टाकू का?”

“टाक. आणि तू तुझे शब्द पाठ कर. दुसऱ्या कडव्यात तिसऱ्याचं गायलास.”

“मी त्रेचाळीस वर्षं तसंच गातोय. लोकांना आता तेच आवडतं.” नेव्ह जवळ आला, आवाज खाली आणून म्हणाला, “काय झालंय तुला? ती जागा तुझी आहे. ‘लो वॉटर’ची ती जागा. लोक त्या जागेसाठी येतात मर्व, माझ्यासाठी नाही, हे मी तुला दारू न पिता सांगतोय.”

नेव्हलाही माहीत नव्हतं. हीच तर गंमत. त्या दिवशी गोदामातल्या स्टुडिओत पाच वाजता एका चर्चच्या घंटावादक मंडळाच्या ध्वनिमुद्रणाची वेळ ठरलेली होती. मंडळी घंटा घेऊन, हातांत पांढरे मोजे घालून दाराशी येऊन उभी राहिली होती. टेपही संपत आली होती. म्हणजे ‘लो वॉटर’, ओहोटीच्या नावाचं ते गाणं, एकदाच वाजणार होतं, जसं वाजेल तसं. शेवटच्या कडव्याआधी चौथ्या मात्रेवर मर्वचा मोठा तुकडा होता आणि नेमकी तिथंच काठी गेली. ‘ठक’. नेव्ह डोळे मिटून दम घेत होता. गिटारवाला नेहमीप्रमाणे आपल्या पायाकडे बघत होता. बघत होता तो फक्त कोराडो. त्यानं मर्वच्या रिकाम्या हाताकडे पाहिलं, आणि पुढे जायच्याऐवजी हातातला खालचा स्वर तसाच धरून ठेवला. बापाबरोबर होडीत बसून शिकलेलं असेल. दोरी ओढायची नाही, सैलही सोडायची नाही, नुसती धरायची. मर्वनं उजव्या गुडघ्याजवळच्या पिशवीतून दुसरी काठी उपसली. कोराडोनं उचललेली भुवई खाली केली. समेवर सगळे एकत्र आले, आणि जे काही झालं ते इतकं जोरदार झालं, की घंटावादक मंडळींनी दारात टाळ्या वाजवल्या, मोज्यांसकट.

“ती जागा,” ध्वनिमुद्रण करणारा माणूस काचेपलीकडून म्हणाला होता, “ती कुठून सुचली?” मर्वनं ‘माफ करा’ म्हणायला तोंड उघडलं होतं. त्याआधीच कोराडो शांतपणे म्हणाला, “बरेच दिवस बसवतोय आम्ही ती.”

झालं. पुढं एका मासिकानं त्या पाऊण सेकंदावर दीड पान लिहिलं. दक्षिण गोलार्धाचा एकाकीपणा त्यात सामावला आहे, असं मत पडलं. मर्वला विचारत, तेव्हा तो गूढ हसे. गूढ हसण्याला काही यावं लागत नाही. मात्र कार्यक्रमात त्यानं ती जागा पुन्हा कधी केली नाही. सरळ चार मात्रा, तुकडा, सम. “काही गोष्टी एकदाच घडतात,” असं तो पत्रकारांना सांगायचा, आणि पत्रकार ते लिहून घ्यायचे. खरी गोष्ट अशी, की रेकॉर्डनंतरच्या सोमवारी त्यानं जाऊन हा टेबलपंखा आणला होता. तळवा कोरडा राहिला पाहिजे. ऑस्ट्रेलियाभर, गुरांच्या प्रदर्शनांत, दारूच्या गुत्त्यांत, खाणीतल्या कॅंटिनांत तो पंखा त्याच्याबरोबर फिरला. जुलैच्या थंडीतही चालू. लोकांना वाटे, मर्व पॅस्को म्हणजे आतून पेटलेला माणूस आहे. आणि दर कार्यक्रमात ‘लो वॉटर’ त्या जागेपाशी आलं की कोराडो हळूच मान वळवून मर्वच्या हाताकडे बघे आणि भुवई उचले. आज सोडतोस का? मर्व काठी घट्ट धरी. सत्तावीस वर्षं दर रात्री हाच प्रश्न, हेच उत्तर. शेवटी दवाखान्यात, नाकात नळ्या असताना, कोराडोनं त्याला खूण करून जवळ बोलावलं. मर्वला वाटलं, पोरांबद्दल काही सांगायचंय. कोराडो म्हणाला, “एकदा सोड की रे मुद्दाम. बघू, मी थांबतो का.” मर्व म्हणाला, “गप पड.” दोन मित्रांमधलं शेवटचं वाक्य हे असं. माणसाला निदान रंगीत तालीम तरी मिळायला हवी होती.

चहाच्या टेबलाशी अनेके स्वतः उठून त्याच्याजवळ आल्या. त्याच्या बशीत नारळाचा कीस लावलेला लॅमिंग्टन केक होता. तो त्यानं बोलणं संपेपर्यंत तसाच धरून ठेवला.

“मर्व, तुम्हाला एक सांगू? मी नऊ वर्षांची होते. बाबा मळ्यावरून मला गाडीत घालून पियानोच्या शिकवणीला नेत. मला शिकवणी आवडत नसे. एक दिवस रेडिओवर ‘लो वॉटर’ लागलं. ती जागा आली आणि बाबांनी गाडी कडेला घेतली. त्यांना वाटलं, रेडिओ बिघडला.” त्या हसल्या. “आणि मग ते सगळं एकदम आलं. मला त्या दिवशी कळलं, थांबणं हेसुद्धा वाजवणंच असतं. मी आज छडी हातात धरते ती त्या जागेमुळे. सात महिने मी ती लिहीत होते. तो लाकडाचा आवाज कशाचा ते काही केल्या कळेना. कशाचा होता तो?”

मर्वनं लॅमिंग्टनकडे पाहिलं. सांगावं? सांगितलं तर काय होईल, ते त्याला स्पष्ट दिसत होतं. या बाई हसतील. चांगल्या आहेत, हसतीलच. पण ती नऊ वर्षांची पोर गाडीतच बसून राहील.

“लाकडाचाच,” तो म्हणाला.

“वाटलंच मला.” त्यांनी समाधानानं मान हलवली, मग आवाज आणखी मऊ केला, म्हणजे आता कठीण बोलणं येणार. “उद्या तीनला पहिला कार्यक्रम आहे. तुम्ही एक मात्रा आधी आलात तर साठ माणसं खड्ड्यात जातील, तुम्ही एकटे नाही. तुमच्या कानात मोजणी लावून देऊ का? टक टक टक. कुणाला ऐकू जाणार नाही.”

“नको.”

“मग उद्या अकराला एकदा बघू. नाहीच जमलं, तर ‘लो वॉटर’ वगळू. दुसरं एखादं घेऊ. मला वाईट वाटेल.”

वगळू. हा शब्द मर्वबरोबर घरी आला. समुद्रकाठच्या सेमाफोरमधल्या आपल्या लहान घरात, संध्याकाळी, स्वयंपाकघराच्या टेबलावर दोन लाकडी डाव घेऊन तो बसला. एक, दोन, तीन, चार, पाच. नुसतं मोजायला येत होतं. एक, दोन, तीन, चार, आणि चारच्या पुढे हात आपोआप पडायचाच. त्रेचाळीस वर्षं त्यानं त्याच जागी काठी आवळून धरली होती, आता आवळलेला हात थांबायला कुठून शिकणार? आपली चूक साठ परक्या माणसांना अचूक येते, आपल्याला येत नाही. ओबोवालीला येते. तिचा तर जन्मही नव्हता. आणि वगळलं, तर त्या सहा डबल बेसवाल्यांनी धरलेला तो स्वरही वगळला जाईल. सकाळी त्यानं तो दोनदा ऐकला होता आणि दोन्ही वेळा झांज मारून स्वतःच मोडला होता. कोराडोचा स्वर, सहापट झालेला, लाकडी पोटाचा, दोरी नुसती धरून ठेवणारा. मोल्फेटाच्या कोळ्याचा पोरगा वारला, आणि त्याचं थांबणं या लोकांनी लिहून काढून सहा जणांना वाटून दिलं. असं कुणी कुणासाठी करतं का?

“पाच मोजायला एवढा त्रास?” त्याची बायको हेझल मांस-बटाटा भरलेली पेस्टी गरम करता करता म्हणाली. “तुला तर सहा नातवंडं आहेत.”

“ती मी मोजत नाही. ती येतात.”

हेझलनं पेस्टी त्याच्यासमोर ठेवली आणि डाव काढून घेतले. “मग हेही येऊ दे,” ती म्हणाली, आणि सॉसची बाटली आणायला गेली.

मर्व तसाच बसला. पेस्टीचा वाफाळलेला वास, बाहेर समुद्रावरून येणारा वारा, फाटकाची कुरकुर. तळवा उघडून त्यानं बघितला. सत्तर वर्षांचा तळवा. रेघा बुजलेल्या, अंगठ्याच्या मुळाशी गाठ. कोरडा खडखडीत. त्याच्या मनात आलं, त्या दिवशी आपण मोजलं कुठं होतं? हातात काठी नसलेला माणूस मोजत नाही. तो काठी शोधतो, आणि मोजायचं काम दुसरा कुणीतरी करतो.

रविवारी अकराला तो अनेकेंच्या खोलीच्या दारात उभा राहिला. “आत्ता नको घेऊ या,” तो म्हणाला. “दुपारी वाजवतो.”

“आणि चुकलात तर?”

“चुकल्याशिवाय ती होतच नाही.”

अनेकेंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. त्यांच्या पाठीमागे भिंतीवर काळा पोशाख टांगलेला होता, टेबलावर सात महिन्यांचं जाडजूड बाड उघडं पडलं होतं. मर्वला वाटलं, आता नाही म्हणणार; म्हणाव्यात, रास्त होतं. “मी तुमच्याकडे बघत राहीन,” त्या म्हणाल्या. “साठ जण माझ्याकडे बघतील. एवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं.”

तीन वाजता नाट्यगृह भरलं. एके काळी ज्यांना नाट्यगृहाच्या दारातूनच परत पाठवलं असतं अशी माणसं, आता पांढऱ्या केसांची, गुडघे बदललेली, बँडचे जुने शर्ट इस्त्री करून घालून, नातवंडांचे हात धरून आली होती. तीनचा कार्यक्रम असल्यानं सहापर्यंत घरी पोचता येणार होतं, याचा आनंद स्पष्ट दिसत होता. नेव्ह काळ्या कोटात आला आणि कोणी शिट्टी मारली, तर त्यानं त्या माणसाला नावानं ओळखलं. गाणी होत गेली. प्रत्येक गाण्यात मर्वला कळत होतं, की हे लोक आपल्या मागून येत नाहीत, पुढूनही जात नाहीत. छडी पडते, आणि मग एक निमिषभर ते सगळे मिळून श्वास घेतात आणि मगच सूर येतो. त्या निमिषात ते काय करतात, हे त्याला दोन दिवस कळलं नव्हतं. आता कळलं. एकमेकांची वाट बघतात. इतक्या सुशिक्षित माणसांनी इतकं साधं काम इतक्या निष्ठेनं करावं, याचं त्याला भारी अप्रूप वाटलं. व्हिओलावाल्या बायकांनी तर पानांना कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावले होते, प्रत्येक पानाला दोन-दोन. वाद्यवृंदाची ही कुठलीतरी जुनी परंपरा असणार, असा त्यानं विचार केला, आणि मनातल्या मनात टोपी काढली.

‘लो वॉटर’ अकरावं होतं. भरती आली, घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत. नेव्हनं दुसऱ्या कडव्यात तिसऱ्याचं गायलं. लोक त्याच्याबरोबर तसंच गायले. मर्वनं मोजलं नाही. मागच्या रांगेतल्या त्या उंच गृहस्थानं हात पाठीमागून पुढे घेतले, चष्मा सारला, लहानगी काठी उचलली, तेव्हा मर्वला कळलं की जागा जवळ आली. त्यानं डावीकडे पाहिलं. कोराडो उभा राहायचा तिथं आता नवा मुलगा उभा होता, पंचावन्न वर्षांचा, चांगला वाजवणारा. त्याच्या पानावर या जागी विश्रांती लिहिलेली होती, म्हणून तो विश्रांती घेत होता. भुवई उचलणारं कुणी नव्हतं. आज सोडतोस का?

मर्वनं मूठ उघडली.

काठी ड्रमच्या कडेला लागली, उसळली, आणि रंगमंचाच्या लाकडावर पडली. ‘ठक’. मागचा उंच गृहस्थ ठोकळ्यापासून एक वीत अंतरावर थांबला. त्यानं खाली पडलेल्या काठीकडे पाहिलं, मर्वकडे पाहिलं, आणि दारात मोठ्या माणसाला आधी जाऊ द्यावं तसा किंचित वाकून आपला हात मागे घेतला. सहा डबल बेसनी स्वर धरला. मर्व उजव्या गुडघ्याजवळच्या पिशवीत हात घालून काठी शोधू लागला. एक्याऐंशी साली हे काम पाऊण सेकंदात झालं होतं. तेव्हा अंगठ्याला गाठ नव्हती. पिशवीत काठी होती, ब्रश होते, हेझलनं ठेवलेली घशाच्या गोळ्यांची डबी होती. पाचवी मात्रा आली, आणि सरून जायला हवी होती. पण ती गेली नाही. अनेकेंची छडी वर होती ती वरच राहिली. त्या त्याच्याकडे बघत होत्या, साठ जण त्यांच्याकडे बघत होते, आणि स्वर धरलेला होता; ओढलेला नाही, सैल सोडलेला नाही. मर्वला त्या स्वरात अगदी स्वच्छ ऐकू आलं, की हा थांबणार आहे, लागेल तेवढा. घाई नाही. बापाची होडी कुठं पळून चाललीय? दोन हजार माणसं श्वास धरून होती, आणि कुठंतरी तिसऱ्या-चौथ्या रांगेत एका म्हाताऱ्यानं, रेडिओ बिघडल्यासारखं, कानातलं यंत्र काढून झटकलं. मग बोटांना लाकूड लागलं. मर्वनं काठी उपसली. छडी खाली आली. तिच्यामागे काय काय खाली आलं ते सांगणं अवघड आहे. मर्वला एवढंच कळलं, की आपण मध्यभागी आहोत आणि पाणी गळ्यापर्यंत आहे, आणि आपल्याला पोहता येतं.

टाळ्या बराच वेळ चालल्या. नेव्हनं पिंजऱ्याच्या भिंतीवर डोकं टेकून सांगितलं, “तू म्हातारा झालास रे लेका, पण अजून हरामखोर आहेस,” आणि डोळे पुसले, आणि घाम म्हणून सांगितलं. अनेके पिंजऱ्यापाशी आल्या. त्यांनी हात पुढे केला, मर्वचा उजवा हात हातात घेतला, उलटा केला आणि तळव्याकडे पाहिलं. शिकवणीला चाललेल्या मुलीला वाटेतच उतरू दिलं की तिचं तोंड जसं होईल, तसं त्यांचं झालं होतं. तो आता त्यांना सांगू शकला असता. त्याची गरज राहिली नव्हती.

पडदा पडल्यावर मंडळी वाद्यं पेट्यांत ठेवू लागली. मर्व स्टुलावर तसाच बसला होता, हात गुडघ्यांवर. तळवा पहिल्यांदाच, त्रेचाळीस वर्षांनी, ओला झाला होता. पंखा चालू असूनही. पिंजऱ्याच्या उघड्या बाजूला व्हिओलावाल्या त्या शेजारच्या बाई येऊन उभ्या राहिल्या. साठीच्या, करड्या केसांच्या, व्यवस्थित. त्यांच्या हातात त्याची पडलेली काठी होती.

“मी रोवेना,” त्या म्हणाल्या. “ही घरंगळत माझ्या पायाशी आली होती.”

मर्वनं खिशातून जाड शाईचं पेन काढलं. चाहते घेऊन येत त्या काठ्यांवर सही करायची त्याची सवय होती. आणि आजची काठी, म्हटलं तर, जपून ठेवण्याजोगीच होती. “नाव कसं लिहू? नुसतं रोवेना?”

“सही नको हो, द्यायलाच आणलीय.” त्यांनी काठी ड्रमवर ठेवली, नीट, आडवी. मग जरा घुटमळल्या. “तुम्हाला सांगते, नेमकं त्या जागेला आमचं पान उडालं. आम्हा चौघींनाही काही दिसत नव्हतं. चष्मा काढून ठेवला होता मी तिथं, तोही गेला. मग आम्ही तुमच्या हाताकडे बघूनच आलो. आणि बरोबर आलो.” त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर लहान मुलीसारखी लाली चढली. “तीस वर्षांत मी कधी पानाशिवाय वाजवलं नव्हतं.”

मर्वनं पेन खिशात ठेवून दिलं. कोराडोला हे कळायला हवं होतं. त्यानं बोलायला तोंड उघडलं.

“तर एक विनंती होती,” रोवेना म्हणाल्या, आणि त्याच्या पायाशी घरघरणाऱ्या जुन्या पंख्याकडे बोट केलं. “उद्याच्या कार्यक्रमाला तो तेवढा बंद ठेवाल का? आमच्याकडचे चिमटे संपले.”